समुद्राने शिकवलेली ॲलर्जी

मोनॅको हा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेला, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा देश. त्याचे नाव निघाले की लोकांना कॅसिनो, मोटारींची शर्यत आणि धनाढ्यांच्या नौका आठवतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र मोनॅकोचे नाव वेगळ्याच कारणाने आहे, आणि त्या कारणाशी जोडलेली इमारत आजही तिथे उभी आहे. जुन्या शहराच्या कड्यावर, थेट समुद्रातून उगवल्यासारखी वाटणारी ही वास्तू म्हणजे मोनॅकोचे ओशनोग्राफिक म्युझियम. तिची समुद्राकडची बाजू पाण्यापासून सुमारे ८५ मीटर उंच आहे. १८९९ मध्ये पायाभरणी झाली आणि २९ मार्च १९१० रोजी तिचे उद्घाटन झाले.

या वास्तूत दोन संस्था एकत्र नांदतात. वरच्या मजल्यांवर निसर्गेतिहासाचे संग्रहालय आहे. तिथे देवमाशांचे अवाढव्य सांगाडे, काचेच्या बरण्यांत जतन केलेले सागरी जीव, खोल समुद्रात सोडायची जाळी आणि जुनी उपकरणे मांडलेली आहेत. खालच्या भागात मत्स्यालय आहे. तिथल्या टाक्यांत भूमध्य समुद्राचे पाणी खेळवलेले असते आणि मासे, शार्क, कासवे, जिवंत प्रवाळ आणि फुलासारखी दिसणारी समुद्रपुष्पे पाहायला मिळतात. वर मेलेला समुद्र आणि खाली जिवंत समुद्र, असे म्हटले तरी चालेल.

ही जोडी केवळ पर्यटकांच्या सोयीसाठी जमवलेली नव्हती. मेलेल्या प्राण्याचे शरीर कसे आहे ते संग्रहालय सांगते. तो प्राणी काय करतो, हे कळायला तो जिवंत हवा. या साध्या गोष्टीवर विश्वास असलेल्या एका राजामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकाला एक नवा शब्द मिळाला. आज जगातल्या प्रत्येक रुग्णालयात तो शब्द उच्चारला जातो आणि तो ऐकला की डॉक्टर धावत सुटतात. तो शब्द म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी.

दर्यावर्दी राजा

हे संग्रहालय उभारले मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांनी. जन्म १८४८ चा. तरुणपणी त्यांनी स्पेनच्या नौदलात नोकरी केली आणि समुद्राचे वेड कायमचे लागले. १८८५ पासून पुढची तीस वर्षे त्यांनी एकूण २८ सागरी मोहिमा काढल्या. सुरुवात ‘इरोंदेल’ या शिडाच्या जहाजाने झाली. त्यानंतर खास संशोधनासाठी बांधून घेतलेली जहाजे आली. अटलांटिकमधले प्रवाह कोणत्या दिशेने वाहतात हे शोधण्यासाठी त्यांनी दीड हजाराहून जास्त तरंगती पिंपे आणि बाटल्या समुद्रात सोडल्या. ज्यांना त्या सापडतील त्यांनी आतल्या चिठ्ठीनुसार कळवावे, अशी विनंती प्रत्येकीत होती. समुद्रतळाचा पहिला जागतिक नकाशा १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही त्यांच्याच पुढाकाराने.

आल्बर्ट यांच्या जहाजांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्यावर प्रयोगशाळा असे. जाळ्यात जे येईल ते अल्कोहोलमध्ये बुडवून बंदरात न्यायचे, हा तेव्हाचा रिवाज. आल्बर्ट मात्र प्राणिशास्त्रज्ञांबरोबर शरीरक्रियाशास्त्राच्या तज्ज्ञांनाही सोबत घेत. प्राणी वर आला की तिथल्या तिथे, ताजा आणि जिवंत असताना त्याच्यावर काम सुरू होई.

जुलै १९०१ मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ या नावाचे त्यांचे दुसरे जहाज फ्रान्सच्या तूलाँ बंदरातून निघाले. पाहुण्यांमध्ये पॅरिसच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शार्ल रिशे होते आणि त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेले पॉल पोर्तिए होते. जहाज अटलांटिकच्या उबदार पाण्यात शिरल्यावर आल्बर्ट आणि त्यांचे शास्त्रीय सहायक झ्यूल रिशार यांनी या दोघांना एक विषय सुचवला. लाटांवर तरंगणाऱ्या त्या निळ्या फुग्याचे विष अभ्यासून पाहा, असे त्यांनी सांगितले.

निळा फुगा

हा निळा फुगा म्हणजे फायसेलिया. इंग्रजीत त्याला ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर येणारे त्याचे भाऊबंद ‘ब्लू बॉटल’ या नावाने ओळखले जातात. दिसायला जेलीफिशसारखा असला तरी तो खरा जेलीफिश नव्हे. तो एक प्राणीही नव्हे. वेगवेगळी कामे करणाऱ्या अनेक लहान जीवांची ती एकत्र जोडलेली वसाहत असते. एक भाग वायूने भरलेला फुगा बनून वाऱ्याबरोबर सगळ्यांना वाहून नेतो, काही भाग अन्न पचवतात, काही प्रजननाचे काम करतात आणि काही शिकार करतात. शिकार करणारे धागे पाण्याखाली कित्येक मीटर लांब लोंबकळत असतात.

या धाग्यांवर अतिसूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पोकळ नळी दडलेली असते. स्पर्श झाला की क्षणार्धात ती नळी उलगडते आणि सुईसारखी कातडीत घुसून विष सोडते. मासा यामुळे लुळा पडतो. माणसाला चाबकाचा फटका बसावा तशी आग होते आणि कातडीवर लाल वळ उठतात. प्राणी किनाऱ्यावर मरून पडला तरी या पेशी बराच काळ काम करतात, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रिशे आणि पोर्तिए यांनी जहाजावरच धाग्यांचा अर्क काढला आणि तो कबुतरे, गिनीपिग अशा प्राण्यांना टोचून पाहिला. प्राणी सुन्न, गुंगीत गेल्यासारखे होत. म्हणून त्यांनी त्या विषाला ‘हिप्नोटॉक्सिन’ असे नाव दिले. इथपर्यंतचे काम चांगले असले तरी जग हलवणारे नव्हते. खरी गोष्ट पुढे घडली.

नेपच्यूनचे काय झाले?

पॅरिसला परतल्यावर अडचण आली. फायसेलिया उष्ण समुद्रातला जीव, तो पॅरिसमध्ये आणायचा कुठून? पण फ्रान्सच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेली समुद्रपुष्पे मुबलक मिळत. फायसेलियाशी त्यांचे दूरचे नाते आहे आणि त्यांच्या धाग्यांतही डंख मारणाऱ्या तशाच पेशी असतात. दोघांनी त्यांचा अर्क ग्लिसरीनमध्ये काढला आणि किती मात्रा घातक ठरते ते कुत्र्यांवर तपासायला सुरुवात केली.

हे विष सावकाश काम करणारे होते. जास्त मात्रा मिळालेली कुत्री चार-पाच दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा मरत. कमी मात्रा मिळालेली कुत्री जगत. जगलेली कुत्री पूर्ण बरी झाली की काही आठवड्यांनी पुन्हा प्रयोगासाठी वापरली जात.

त्यांपैकी एका कुत्र्याचे नाव नेपच्यून होते, रोमन पुराणातल्या समुद्रदेवाचे. तो धडधाकट होता. पहिल्यांदा अल्प मात्रा टोचल्यावर त्याला काहीच झाले नाही. २२ दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली गेली. काही सेकंदांतच त्याला धाप लागली. त्याला उभे राहवेना. तो कुशीवर पडला, जुलाब आणि रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. २५ मिनिटांत तो मेला.

विषाची मात्रा वाढलेली नव्हती. कुत्राही तोच होता. बदलले होते ते कुत्र्याचे शरीर.

त्या काळच्या विज्ञानाला हे पचणे कठीण होते. जेन्नर आणि पाश्चर यांच्यापासून एक नियम पक्का झाला होता. शरीराला शत्रूची थोडी ओळख करून दिली की ते पुढच्या हल्ल्याला अधिक समर्थपणे तोंड देते. लसीचे तत्त्वच ते आहे. इथे उलट घडत होते. पहिल्या ओळखीने शरीर बळकट होण्याऐवजी हळवे झाले होते आणि दुसऱ्या भेटीत कोसळले होते. एरवी असा कुत्रा मेला असता तर प्रयोगात काहीतरी चूक झाली असे म्हणून वही मिटली गेली असती. रिशे आणि पोर्तिए यांनी इतर कुत्र्यांवर पुन्हा पडताळा घेतला. मधे काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, हे स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९०२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळासमोर हे निष्कर्ष मांडले.

ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. संरक्षणाच्या उलट ते ॲनाफिलॅक्सिस, असा शब्द रिशे यांनी घडवला. या शोधासाठी १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या रिशे यांना मिळाले. पोर्तिए यांचे नाव त्यात नव्हते. १९५३ मध्ये मोनॅकोने या शोधाच्या पन्नाशीनिमित्त टपाल तिकिटे काढली, तेव्हा मात्र त्यांची आठवण ठेवली. आज असे प्रयोग नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण नेपच्यूनच्या मृत्यूने जे शिकवले ते त्यानंतर असंख्य माणसांच्या उपयोगी पडले.

शरीर असे का वागते?

याचे पूर्ण उत्तर मिळायला आणखी साठ-पासष्ट वर्षे गेली. आपली प्रतिकारयंत्रणा परक्या पदार्थांविरुद्ध प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटिबॉडी तयार करते. त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ‘आयजीई’ हा प्रकार १९६० च्या दशकात ओळखला गेला. रक्तात त्याचे प्रमाण नगण्य असते, पण त्याची ताकद मोठी आहे.

काही जणांच्या शरीरात, एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार होते. तो पदार्थ कोळंबीतले प्रथिन असेल, मधमाशीचे विष असेल किंवा पेनिसिलिन असेल. पहिल्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र ही प्रतिद्रव्ये ‘मास्ट’ पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. मास्ट पेशी कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यांत आणि रक्तवाहिन्यांच्या आसपास पसरलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामीनसारखी रसायने ठासून भरलेली असतात. घरात फटाक्यांचा साठा करून वात बाहेर काढून ठेवावी, तशी ही स्थिती असते.

तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला की सगळीकडच्या मास्ट पेशी जवळजवळ एकाच वेळी रिकाम्या होतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, म्हणून रक्तदाब कोसळतो. श्वासनलिका आकुंचन पावतात, घसा सुजतो, म्हणून श्वास कोंडतो. अंगावर गांधी उठतात. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब होतात. नेपच्यूनला जे झाले ते सगळे यात आहे.

एक बारकावा इथे सांगायला हवा. ‘पहिल्या वेळी काही होत नाही’ हे शरीराच्या दृष्टीने पहिल्या वेळेबद्दल आहे. माणसाच्या आठवणीतली पहिली वेळ वेगळी असू शकते. नकळत आधी संपर्क आलेला असतो. शिवाय काही औषधे आयजीईच्या मदतीशिवाय थेट मास्ट पेशींना चिथावतात. त्यामुळे आयुष्यातल्या पहिल्याच इंजेक्शनलाही अशी प्रतिक्रिया येऊ शकते.

आपल्या किनाऱ्यावर

पावसाळ्यात समुद्राकडून वारे सुटले की मुंबईत जुहू, गिरगाव, तसेच कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल वाहत येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना त्यांनी डंख केल्याच्या बातम्या आल्या होत्या. वाळूत पडलेला निळा फुगा दिसायला देखणा असतो, त्यामुळे लहान मुले तो उचलायला धावतात.

बहुतेकांच्या बाबतीत डंखाचा त्रास हा विषाचा थेट परिणाम असतो. ती ॲलर्जी नव्हे. आग, वळ, सूज काही तासांत ओसरते. अशा वेळी पाण्याबाहेर यावे. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजे घालून काढावेत. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. वाळूने चोळू नये, कारण त्यामुळे न फुटलेल्या पेशी फुटून आणखी विष आत जाते. लघवी टाकण्याचा उपाय ऐकिवात असला तरी त्याचा उपयोग नाही. व्हिनेगर वापरावे की नाही याबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही. सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सियस पाण्यात तो भाग वीस मिनिटे बुडवला तर वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या कोणी हात घालून तपासावे, नाहीतर डंखाबरोबर भाजण्याचा त्रास होईल.

मात्र ज्याला पूर्वी डंख झाला आहे त्याला पुन्हा डंख झाल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला किंवा चक्कर आली तर तो विषय वेगळा आहे. तिथे नेपच्यूनची आठवण ठेवून वागावे लागते. असे क्वचितच घडते, पण घडले तर हाताशी वेळ फार थोडा असतो.

समुद्र नसलेल्या गावांतही

ॲनाफिलॅक्सिस समुद्राच्या प्राण्यातून सापडला, पण तो किनाऱ्यापुरता नाही. गावोगावच्या रुग्णालयांत त्याची प्रमुख कारणे तीन दिसतात. पहिले कारण औषधे. पेनिसिलिन आणि त्याच्या गटातली प्रतिजैविके, वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शने यांत येतात. दुसरे कारण कीटकांचे दंश, मुख्यतः मधमाशी आणि गांधीलमाशी. तिसरे कारण अन्न. शेंगदाणे, अंडी, दूध, सुकामेवा, कोळंबी, खेकडे.

कोळंबीच्या ॲलर्जीत बहुधा ‘ट्रोपोमायोसिन’ नावाच्या प्रथिनाचा हात असतो. ते शिजवूनही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘कच्ची नव्हती, चांगली उकळली होती’ या समजुतीला अर्थ नाही. कोळंबी चालत नसलेल्याला खेकडाही बहुतेकदा चालत नाही, कारण दोघांतले हे प्रथिन सारखे असते. झुरळे आणि घरातल्या धुळीतल्या किड्यांतही त्याचे भाऊबंद आढळतात.

मासे खाल्ल्यावर होणारा प्रत्येक त्रास मात्र ॲलर्जी नसतो. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यावर लगेच बर्फात ठेवले नाहीत तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामीन तयार होते. असा मासा खाल्ल्यावर तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, अंगावर पुरळ येते. एकाच पंक्तीतल्या अनेकांना एकदम असा त्रास झाला तर दोष माशाच्या साठवणीत असण्याची शक्यता जास्त. एकट्यालाच, आणि दर वेळी झाला तर ॲलर्जीचा विचार करावा. हा फरक न कळल्यामुळे काही जण विनाकारण आयुष्यभर मासे सोडतात, आणि काही जण खरी ॲलर्जी असून पुन्हा पुन्हा धोका पत्करतात.

ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी या शोधाचा रोजचा संबंध येतो. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तद्रव्यापासून बनते. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती वर्षानुवर्षे तयार होत आली आहे. साप विषारी असेल आणि विष भिनल्याची लक्षणे असतील तर तिला पर्याय नाही. पण घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीराला परकी असतात, म्हणून काहींना ती देताना ॲनाफिलॅक्सिससारखी प्रतिक्रिया येते. त्यामुळेच प्रतिसर्पविष सुरू करण्याआधी उशाशी ॲड्रेनॅलिन भरून ठेवण्याची पद्धत आहे. प्रतिक्रिया येईल या भीतीने प्रतिविष टाळणे चूक आणि तयारीशिवाय देणे हीही चूक.

एकच औषध, योग्य वेळी

ॲनाफिलॅक्सिसवर पहिले औषध ॲड्रेनॅलिन. योगायोग असा की हे औषध शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांचे काम १९०१ मध्येच जगापुढे आले. ‘प्रिन्सेस ॲलिस’ अटलांटिकमध्ये होती तेच ते वर्ष. ॲड्रेनॅलिन सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका उघडते आणि मास्ट पेशींची गळती रोखते. बाकीचे कोणतेही औषध ही तिन्ही कामे एकदम करत नाही.

ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिले जाते. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलिलीटरच्या अँप्यूलमधला अर्धा भाग. मुलांना वजनाप्रमाणे. आराम पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येते. काही देशांत रुग्ण पेनासारखे तयार इंजेक्शन खिशात बाळगतात. आपल्याकडे ती पेने सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात. साधे अँप्यूल मात्र स्वस्त आहे. ते प्रत्येक दवाखान्यात असायलाच हवे.

प्रत्यक्षात जीव जातात ते औषध नसल्यामुळे कमी आणि उशिरामुळे जास्त. पहिला उशीर घरी होतो. ‘पित्त उठले असेल’ म्हणून ॲलर्जीची गोळी दिली जाते आणि वाट पाहिली जाते. ती गोळी खाज कमी करते, पण घसरलेला रक्तदाब सावरत नाही आणि बंद होणारा घसा उघडत नाही. दुसरा उशीर कधी कधी दवाखान्यातही होतो. आधी ॲलर्जीचे आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, ॲड्रेनॅलिन शेवटी आठवते. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात आणि रुग्णाकडे मिनिटे असतात.

सामान्य माणसाने एवढे लक्षात ठेवावे:

• औषध, अन्न किंवा दंशानंतर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत गांधी किंवा सूज आली आणि जोडीला धाप, घरघर, घोगरा आवाज, चक्कर, सतत उलट्या यांपैकी काहीही असेल तर ती तातडीची अवस्था समजावी. १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. कधी कधी गांधी न उठताही रक्तदाब कोसळतो.

• रुग्णाला आडवे झोपवून पाय थोडे उंच करावेत. धाप लागली असेल तर टेकून बसू द्यावे. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला एकदम उभे करू नये, चालवत नेऊ नये. उभे राहताच रक्तदाब आणखी घसरून हृदय बंद पडू शकते.

• बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे. पहिला झटका ओसरल्यावर, पुन्हा संपर्क न येताही, दुसरा झटका येऊ शकतो.

• इंजेक्शन घेतल्यावर लगेच निघून न जाता दवाखान्यात अर्धा तास बसावे.

• एकदा असे घडले की कारण शोधून काढावे. औषधाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि नवीन डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे. ‘मागच्या वेळी थोडीशीच खाज आली होती’ यावर विसंबू नये. पुढची वेळ मागच्यासारखीच असेल याची खात्री नसते.

दमा असलेल्यांना धोका अधिक असतो. त्यांनी दम्याचे औषध नियमित घेणे हाही या संरक्षणाचाच भाग आहे.

बरण्या आणि टाक्या

मोनॅकोच्या संग्रहालयाला आज जगभरातून पर्यटक भेट देतात. त्यांतले बहुतेक खाली शार्क पाहायला जातात आणि वर देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहून छायाचित्रे काढतात. पाण्याखालच्या जगाचे चित्रपट काढणारे झाक कुस्तो १९५७ पासून तीन दशके या संस्थेचे संचालक होते, हे काहींना ठाऊक असते. इथल्या समुद्रपुष्पांच्या जातभाईंनी वैद्यकाला काय शिकवले, हे फार थोड्यांना माहीत असते.

अशी जागा महाराष्ट्रातही आहे. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. तिथे मत्स्यालयही आहे आणि संग्रहालयही, आणि देवमाशाचा एक भलामोठा सांगाडाही. कोकणात सहलीला गेलेली कुटुंबे मुलांना तिथे नेतात. टाकीतला रंगीत मासा पाहून मुले हरखतात, बरणीतल्या फिकट जीवांकडे फारशी वळत नाहीत. पालकांनी त्या बरण्यांपाशी दोन मिनिटे थांबावे. यातला कोणता प्राणी डंख मारतो, कोणाला हात लावायचा नाही, किनाऱ्यावर निळा फुगा दिसला तर काय करायचे, हे सांगायला त्याहून चांगली जागा नाही.

फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करताना ॲलर्जीचे रहस्य हाती लागेल असे जहाजावर कोणालाच वाटले नव्हते. राजाला समुद्र समजून घ्यायचा होता आणि प्राध्यापकांना विष. तपासणी प्रामाणिक होती आणि अनपेक्षित निकाल बाजूला सारला गेला नाही, म्हणून हा शोध लागला. त्याचा उपयोग आपल्यापर्यंत पोहोचतो तो मात्र अगदी साध्या वाटेने. जवळच्या दवाखान्यात ॲड्रेनॅलिन आहे का, हे एकदा विचारून ठेवावे. घरात कोणाला औषधाची किंवा अन्नाची ॲलर्जी असेल तर ती सगळ्यांना माहीत असावी. आणि पहिल्या वेळी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या वेळी निश्चिंत राहू नये.